पिकअपचं स्टिअरिंग ढिलं, बॉक्स आवळला तरी गाडी सरळ चालेना

मोहोळ_भाडं
पुढे पाट्यांचा अॅक्सल आणि पॉवर नसलेला साधा स्टिअरिंग बॉक्स, अशी पिकअप आहे. मोहोळहून सोलापूर मार्केट यार्डाला कांद्याचं भाडं असतं. चाकं सरळ असताना स्टिअरिंग कडेला तीन इंच फिरवलं तरी चाकं हलत नव्हती. गॅरेजमध्ये बॉक्सचा स्क्रू पाऊण फेरा आवळून दिला. प्ले (हा मोकळा खेळ) दोन इंचांवर आला, पण आता मधोमध जड लागतं आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. हायवेला साठच्या पुढे गाडी अजून भटकतेच. टायरची हवा बरोबर आहे. नवा बॉक्स टाकावा का?

ड्रॉप_आर्म
बॉक्स घेऊ नका. आधी तो स्क्रू पाऊण फेरा होता तसा मागे घ्या, आजच. बॉक्सचे दाते मधोमध सगळ्यात घट्ट बसतील असेच बनवलेले असतात, कडेला थोडे सैल. मधे गरजेपेक्षा जास्त आवळलं की दाते एकमेकांवर दाबतात, स्टिअरिंग परत येत नाही आणि दाते झपाट्याने झिजतात. प्ले दुसरीकडे असेल तर तो तिथेच राहतो, वर बॉक्स खराब होतो.

प्ले कुठे आहे ते असं शोधा. चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग दोन-तीन इंच डावं-उजवं हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली. वरून सुरुवात करा: कॉलमचा क्रॉस (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सांधा), बॉक्सचा इनपुट शाफ्ट (बॉक्समध्ये जाणारा दांडा), ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), मग टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा, एक बोट एका तुकड्यावर आणि एक दुसऱ्यावर. नजरेला न दिसणारा खेळ बोटांना कळतो. अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तो सांधा गेला. इनपुट फिरतो पण ड्रॉप आर्म थांबून राहतो, तेव्हाच दोष बॉक्सच्या आत.

बॉक्स चेसिसवर जिथे बसतो तिथेही हात ठेवा. बोल्ट सैल असतील किंवा ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा असेल तर अख्खा बॉक्सच हलतो. हे बरेच जण बघतच नाहीत.

होटगी_रोड
वरचं झाल्यावर पुढचं चाक उचला. जॅक अॅक्सलखाली, मागच्या चाकांना दगड आणि अॅक्सलखाली घोडी (स्टँड). नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक वर-खाली धरून (घड्याळाच्या बारा आणि सहावर) हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या पिनवर पुढचं चाक डावं-उजवं वळतं ती). नऊ आणि तीनवर धरून हललं तर टाय रॉड एंड (टोकाचा सांधा) बघा.

आपल्याकडे शिवारातल्या काळ्या मातीचा चिखल किंगपिनच्या खालच्या बुशात (पिन ज्यात फिरते त्या नळीत) जातो आणि वाळला की तिथेच घोटतो, म्हणून आधी खालचा बुश जातो. आणि हवा सकाळी थंड टायरला मोजा. मे महिन्यात तापलेल्या टायरवर मोजली तर आकडा जास्तच दिसतो.

पाटा_शॅकल
प्ले आणि भटकणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. प्ले काढूनही भटकत असेल तर मागे बघा. मागच्या पाट्यांचे बुश झिजले किंवा यू बोल्ट सैल झाले की मागचा अॅक्सल तिरका सरकतो आणि गाडी मागून वळते. रिकामी चांगली आणि भरलेली तरंगते, असं असेल तर गोण्या मागच्या चाकाच्या मागे जास्त पडताहेत. पुढचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं पडतं.

पासिंगचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९८ नुसार स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. १६ इंची स्टिअरिंगला कडेवर तीन इंच म्हणजे साधारण २२ अंश. तुमची गाडी पासिंगला बसेल, पण भरल्या गाडीला मी एवढा प्ले ठेवणार नाही.

मोहोळ_भाडं
स्क्रू मागे घेतला, स्टिअरिंग परत यायला लागलं. तपासणीत ड्रॉप आर्मकडचा ड्रॅग लिंक एंड गेलेला, रबर फाटलेलं. डावं चाक ब्रेक दाबूनही वर-खाली हलतं. बॉक्सचे बोल्ट आणि क्रॉस ठीक. मागच्या पाट्यांत काही सापडलं नाही.

ड्रॉप_आर्म
मग एंड बदला. कॅसल नट (पिन घालायच्या खाचांचा नट) काढल्यावर बोल्टच्या आट्यांवर ठोकू नका. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसरा मारा, टेपर सुटतो. जुना एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजा आणि नवा तेवढेच फेरे बसवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं राहील.

किंगपिन किट दोन्ही बाजूंना एकदम टाका. वरचे आणि खालचे बुश एकाच रीमरने (भोक मापात आणणाऱ्या हत्याराने) सरळ रेषेत रीम झाले पाहिजेत. साधन नसेल तर हे काम लेथवाल्याकडेच. पिन तेल लावून हाताने दाबल्यावर आत जावी, ठोकावी लागू नये. बुशाचं भोक ग्रीसच्या निपलसमोर आलंय का ते बुश दाबण्याआधी बघा. ते चुकलं तर ग्रीस आत जातच नाही आणि नवा बुशही लवकर जातो. ग्रीस चाक उचलून भरा, म्हणजे थ्रस्ट बेअरिंगपर्यंत (किंगपिनवरचा भार पेलणाऱ्या बेअरिंगपर्यंत) पोहोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

हे सगळं झाल्यावरच बॉक्स. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर आणा. तिथे प्ले असेल तरच चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) ढिला करून स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा आवळा आणि प्रत्येक वेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. मधे किंचित घट्ट चालेल, अडकता कामा नये. बॉक्समधलं गिअर ऑइलही बघा.

होटगी_रोड
अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. बऱ्याच पिकअपला टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली असतात ते माप) ० ते ३ मिमी असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. उघडलेल्या प्रत्येक कॅसल नटला नवी स्प्लिट पिन. जुनी सरळ करून परत घातली तर ती वाकवतानाच तुटते.