गावरान कोंबडा अंगावर येतोय, पोरांना परसात जाता येईना

मळ्यातली_पलूस
नमस्कार मंडळी. आम्ही पलूसजवळ मळ्यात राहतो, दारात दहा-बारा गावरान कोंबड्या आणि एकच कोंबडा. दिसायला एक नंबर, तांबडा, शेपटीला हिरवी-काळी झाक. पावसाळ्यातलं पिल्लू, माझ्या पोरानं हातावर दाणे चारून वाढवलेला, दिवाळीपर्यंत एकदम गरीब होता. संक्रांतीपासनं काय झालंय कळंना, आपण पाठ केली की पळत येतो आणि दोन्ही पाय उडवून पोटरीवर मारतो. सासूबाई शेण भरायला वाकल्या की त्यांच्या मागं. परवा धाकटीच्या गालाला त्याच्या पायामागचा काटा लागला, पाच वर्षांची आहे, डोळा थोडक्यात वाचला. मामंजी काठी घेऊन मागं लागतात तर काठी बघून जास्तच चवताळतोय.
दीर म्हणतात जत्रेला कापू. पण पोरगं त्याचं नाव काढलं की ताटावरनं उठतंय. आणि खरं सांगायचं तर घार आली की हाच पहिला ओरडतो, सगळ्या कोंबड्या पिल्लं घेऊन करंजाखाली पळतात, यंदा घारीनं एकही पिल्लू नेलं नाही. ह्याला सुधारता येतं का?

परसबाग_वाई
ताई, आधी पोरीचं बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्यात धुतली का? काट्याची जखम वरनं बारीक दिसते पण आत खोल जाते आणि काटा कायम उकिरड्यात असतो, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का डॉक्टरांना विचारून घ्या. रेबीजची भीती नको, पक्ष्यांमुळं तो होत नाही.
आता कोंबड्याचं. पाच-सहा महिन्याचा झाला की अंगात नरपणा येतो, त्याच वयात हे सुरू होतं. हातावर वाढलेला जास्त मारतो कारण त्याला माणसाची भीतीच नसते, तो तुम्हाला आपल्यातलाच दुसरा कोंबडा समजतो. म्हणूनच काठीनं वाढतंय, त्याच्या हिशोबानं मामंजी झुंज खेळायला आलेत. आणि पोरं ओरडत पळतात तेव्हा तो जिंकला.
तर मारायचं नाही आणि पळायचं पण नाही. यायच्या आधी तो खूण देतो, बघा नीट, एक पंख खाली सोडून तिरका-तिरका चालत येतो, मानेची पिसं फुलवतो. ते दिसलं की शेणाची पाटी पायापुढं धरायची आणि त्याच्याच दिशेनं सावकाश दोन पावलं टाकायची, तो बाजूला होईपर्यंत मागं सरायचं नाही. तरी उडाला तर पाटीवर आपटेल. मग धरायचा, पंख दाबून काखेत घ्यायचा, पाय दुसऱ्या हातात, आणि तसाच घेऊन परसातली कामं करत फिरायचं. आधी लय धडपडतो, मग मान खाली टाकून गप होतो. गप झाल्यावरच सोडायचा, धडपडत असताना सोडला तर सगळं वाया. आणि हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं करायला लागतंय, एकट्या तुम्हाला घाबरून उपयोग नाही, सासूबाईंना मारणारच. दिवसा सापडत नसेल तर रात्री खुराड्यातनं काढा, अंधारात दिसत नाही त्यांना, सहज हातात येतो.
पोरं परसात असताना मात्र तो डालग्याखाली, वर दगड. यात तडजोड नको.

तासगावकर
मी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. लहान पोरगी आहे आणि काटा गालापर्यंत पोचलाय. महिनाभर प्रयत्न करा, फरक नाही पडला तर कापा. पोराला समजावून सांगा, बहिणीच्या डोळ्यापेक्षा कोंबडा मोठा नाही. कोंबडा दुसरा मिळतोय.

मळ्यातली_पलूस
इंजेक्शन त्याच दिवशी दिलंय. आज पाटी धरून उभी राहिले, दोनदा आपटला आणि बाजूला झाला, बघू. तासगावकर दादा, राग नाही, मलाही पोरीचीच काळजी आहे. काटे कापता येतात का? आणि वस्तीवरचा एकजण झुंजीसाठी मागतोय, पैसे पण चांगले देतो म्हणाला.

जत_शेळी_कोंबडी
झुंजीला अजिबात देऊ नका वहिनी. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानं कोंबड्याची झुंज लावणं गुन्हा आहे, आणि पायाला पातं बांधून रक्तबंबाळ करतात ते पोराला कळलं तर काय वाटेल त्याला. दुसऱ्या कुणाला पाळायला दिला तरी मारका आहे हे सांगूनच द्या, त्यांच्या घरातही पोरं असतात.
काटा मुळातनं कापायचा नाही, आत हाड आणि रक्त असतंय. फक्त टोक. एकानं धरायचा, दुसऱ्यानं कानसीनं हळूहळू घासून गोल करायचं, रक्त आलंच तर हळद दाबून धरायची. परत वाढतो, मधनंअधनं बघायला लागतंय. यानं मारायचं थांबत नाही, पण लागलं तर खोल जात नाही.
अजून एक, मारकेपणा रक्तात पण उतरतो. या कोंबड्याची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवू नका, खायला वापरा. शेजारचा गरीब कोंबडा आणून त्याची पिल्लं काढायची असतील तर आधी याला वेगळा करून तीन आठवडे जाऊ द्या, तोवर अंड्यात याचंच बीज येत राहतं.