कुत्र्याच्या मणक्याचं ऑपरेशन : करायचं की नाही, कसं ठरवलंत?

चिकूचा_बाबा (जळगाव)

काल शेजाऱ्यांकडे डॅशुंडचं पिल्लू आलं. सोफ्यावरून धपकन उडी, परत वर, परत उडी. घरचे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या पोटात गोळा. आमच्या चिकूचं सगळं आठवलं.

तेव्हा चार वर्षांचा होता. मे महिना, कूलरपुढे झोपलेला. उठायला गेला तर केकाटला, आणि संध्याकाळपर्यंत मागचे पाय घसटायला लागला. सगळे म्हणाले ऊन लागलं. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं, चिकू वळून चावायला धावला, तर डॉक्टर खूश! म्हणाले, नुसता पाय आखडला तर ते धरत नाही, वळून बघितलं म्हणजे कळ मेंदूपर्यंत पोचतेय. कळ आहे तोवर ऑपरेशन झालेली बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. कळ गेली की शक्यता निम्म्याच्या आसपास येते, आणि मग वेळ घालवून चालत नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय, म्हणजे मुंबई नाहीतर पुणे.

घरात दोन तट. काका म्हणाले, एवढ्या पैशात दुभती गाय येईल. आई म्हणाली, माणसाच्या मणक्याला हात लावू देत नाही आपण, हा तर मुका जीव. मी अडकलो वयापाशी. चारच वर्षांचा, पुढे कितीतरी आयुष्य आहे म्हणून करावं? की चौथ्याच वर्षी दोन मणक्यांमधली एक गादी (डिस्क) फुटली, बाकीच्या गाद्याही त्याच मालाच्या, मग किती वेळा कापायचं? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही खरं आहे." घ्या!

रात्री गाडी काढली, धुळ्यावरून मुंबई. आता चालतो, मागून जरा झुलतो. एमआरआय, ऑपरेशन, राहणं धरून लाखाच्या वर गेले. पण नेमकं कशावर ठरवलं ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही कसं ठरवलंत? केलं असेल, नसेल केलं, दोन्ही लिहा.

केळीवाला_रावेर

आम्ही नाही केलं. बीगल, पाठीची कमान करून उभी राहायची, जिना चढेना. पण चालत होती. डॉक्टर बोलले आधी सक्तीची विश्रांती, महिना-दीड महिना, फक्त शी-शूला उचलून बाहेर. पिंजरा कुठून आणायचा? केळीचे क्रेट तारेने बांधले, वर जाळी. गोळ्यांनी दुखणं थांबलं की खरा त्रास सुरू होतो. तिला वाटतं बरी झाले, सोडा मला. रात्रभर रडगाणं. भाऊ दया येऊन सोडायला निघाला तर वहिनीने त्यालाच झापलं. बरी झाली. गळ्यात पट्टा बंद, हार्नेस. वजनही उतरवलं.

मीनल_अमळनेर

केळी चालतात का कुत्र्याला?

केळीवाला_रावेर

थोडी चालतात. भाव पडला की आमच्याकडे सगळ्यांनाच चालतात 😄

चाळीसगावकर

आमच्या राजाची कळ गेलेली होती. तरी केलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पांगळेपणा वर वर सरकायला लागला. मागच्या पायांवरून पोट, मग छाती. मज्जारज्जूच विरघळत जातो म्हणे, कळ गेलेल्यांपैकी काहींना होतं आणि त्याला उपाय नाही. श्वास अडकायच्या आत इंजेक्शन देऊन मोकळं केलं. तीन वर्षांचा होता.

ऑपरेशन करू नका असं मी कोणाला सांगणार नाही. कळ नसेल तर एवढंच आधी विचारून घ्या, की असं झालं तर आम्हाला कसं ओळखू येईल.

सुरेखाताई

फार वाईट वाटलं दादा. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

ढोरांचा_डॉक्टर

यावल तालुक्यात आहे, माझ्याकडे म्हशीच जास्त. तरी चार गोष्टी लिहितो, कारण आमच्याकडे कुत्रं येतं तेव्हा तेल चोळून, शेकून, हाड बसवणाऱ्याकडून ओढून झालेलं असतं. मणका ओढायचा नाही, मालिश नाही. माणसाची आयबुप्रोफेनवाली गोळी तर अजिबात नाही, कुत्र्याला विषारी आहे. स्टेरॉइड चालू असताना दुसरी सुजेची गोळीही नाही, आतड्यात जखमा होतात.

डॅशुंड, बीगल, पग, शिह त्झू यांच्या गादीतला मऊ गर लहान वयातच कोरडा पडतो आणि एक दिवस भिजलेल्या खडूसारखा बाहेर सांडतो. पाय आखूड करणारं एक जनुक या प्रकाराशी जोडलेलं आहे, ते २०१७ साली सापडलं. बहुतेक वेळा छाती संपते आणि कंबर सुरू होते त्या भागात. ऑपरेशनमध्ये मणक्याला बाजूने खिडकी पाडून तो सांडलेला माल काढतात. चिरडलेली नस सर्जन नवी करून देत नाही, दाब काढतो. म्हणून घाई.

पांझराकाठी

हेच! दाब काढला, तरी आमची जिमी चालली नाही. मी सांगते ते कोणी सांगत नाही: लघवी दाबून काढावी लागते, दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षं. ऑपरेशनला हो म्हणताना घरात हे कोण करणार ते ठरवा. आमच्याकडे सासरे करतात, नाना. ज्यांनी कुत्रं घरात घ्यायला विरोध केला होता तेच. सुरुवातीला त्यांच्याच उपरण्याची झोळी पोटाखाली घालून फिरवायचे. गाडी वेल्डरने बनवली, पीव्हीसी पाइप आणि तिचाकी सायकलची चाकं. पाइप दिराने जळगावहून आणला, तिथे पाइपाला काय तोटा.

भो_नंदुरबार

नानाले मना रामराम सांगजा ताई 🙏

पांझराकाठी

सांगितला. म्हणे तो कोण 😂

भुसावळ_जंक्शन

रेल्वेने नेता येतं का? आमच्याकडून मुंबईच्या गाड्याच गाड्या.

चिकूचा_बाबा

फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे मिळाला तर सोबत. नाहीतर ब्रेकव्हॅनमधली पेटी. मे महिन्यात, मोडक्या पाठीचं कुत्रं त्या पेटीत? मी विचारही केला नाही. मागच्या सीटवर फळी, त्यावर गोधडी, बायको शेजारी धरून बसलेली. खड्डा आला की ती माझ्यावर ओरडायची, चिकू नाही.

साधी_बाई

सगळे "ठरवलं" म्हणताय. माझ्याकडे पैसे नव्हते, ठरवायचं काय? डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. कळ आहे, गोळ्या देतो, हलू देऊ नका, बिघडलं तर त्याच दिवशी या, एवढंच बोलले. दिवाळीच्या आधी पडला होता, होळीला आपल्या पायाने अंगणात गेला. वाकडा चालतो. तुमच्यासारखा फोटो टाकत नाही कारण त्याला फोटो आवडत नाही.

चिकूचा_बाबा

ताई, पैसे नसते तर मीही हेच केलं असतं. आणि तुमच्या डॉक्टरांसारखं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

केळीवाला_रावेर

@नंदुरबार, थंडीत भरताला या, वांगी काढतो.

भो_नंदुरबार

येस ना भाऊ. कयन्यानी भाकर पण पाहिजे.

मीनल_अमळनेर

मगाशी केळ्यांचं विचारलं पण खरं विचारायचं वेगळंच होतं. आमचा पग कालपासून पलंगावर चढत नाही. उचलला की कण्हतो. बोटाला चिमटा काढून बघू का?

ढोरांचा_डॉक्टर

तुम्ही काढू नका, चावेल. चालतोय का? लघवी स्वतःहून करतो?

मीनल_अमळनेर

चालतोय. लघवी झाली सकाळी. मागचं एक पाऊल उलटं पडतं मधूनच.

ढोरांचा_डॉक्टर

मग उद्यावर टाकू नका. एका खोक्यात किंवा लहान खोलीत ठेवा, छाती आणि मागचा भाग दोन्हीकडून आधार देऊन उचला, आणि आजच दाखवा. गोळी घरची नको.

मीनल_अमळनेर

हो. मिस्टर शेतातून येतायत, आले की निघतो.