अनुभव धागा : तिथं का राहिलात, का सोडलंत?

सोशल मीडियावरच्या जागांबद्दल विचारतेय. सुरुवात ऑर्कुट या गूगलच्या जुन्या सोशल साइटपासून करते. २००७ साली कॉलेजात असताना कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही स्क्रॅप, म्हणजे एकमेकींच्या पानावर निरोप, लिहायचो, एकमेकींकडून हट्टानं टेस्टिमोनियल, म्हणजे स्वतःबद्दल कौतुकाचे चार शब्द, लिहून घ्यायचो. गूगलनं ऑर्कुट बंद केलं ३० सप्टेंबर २०१४ ला, पण आमच्या वर्गापुरतं ते २०१० मध्येच ओस पडलं होतं. ठरवून कुणीच सोडलं नाही. अमेरिकेतली मैत्रीण फेसबुकवर गेली, मग तिच्या लग्नाचे फोटो बघायला आम्ही सगळ्या. मला फेसबुक तेव्हा आवडलंही नव्हतं. तुमचं काय झालं? सविस्तर लिहा.

निफाड, द्राक्ष बागाईतदार

आमचा द्राक्षवाल्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की सकाळी सहालाच पानांचे फोटो यायला लागतात, ‘दादा, ही डावणी का?’ डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग; वरून तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली की जाणती माणसं लगेच फवारणी सांगतात. आधी २५६ जणांची मर्यादा होती म्हणून दोन गट होते. २०२२ मध्ये ती १०२४ झाली, तेव्हा एकत्र आलो.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गडबड उडाली, तेव्हा पुतण्यानं सगळ्यांना सिग्नल हे दुसरं मेसेजचं ॲप डाउनलोड करून दिलं. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, आजही पटतं. पण औषध दुकानदार, नर्सरीवाला, व्यापारी सगळे जुन्याच जागी. आठवड्यात सिग्नलवर आम्ही तिघं उरलो. दिवसभर सुप्रभात आणि फॉरवर्ड सोसतो, कारण डावणीला दोन दिवस दिले तर घड हातचे जातात.

सातारा

मी सोडलं. ॲपचं नाव नको. मूल व्हावं म्हणून उपचार चालू होते. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाच्या फोटोवर जरा रेंगाळले, तर दुसऱ्या दिवसापासून बाळंच बाळं. पाळणे, बारशी, इवलेसे मोजे. ‘यात रस नाही’ कितीदा दाबलं. खातं कायमचं पुसायला तीस दिवस लागतात आणि मध्येच एकदा उघडलं की सगळं पहिल्यासारखं. दोनदा अठराव्या-विसाव्या दिवशी परत गेले. तिसऱ्यांदा नवऱ्यानं महिनाभर माझा फोन स्वतःजवळ ठेवला, मी साधा बटणांचा वापरला. त्या मैत्रिणीला मात्र सगळं सांगितलं. आता ती दर रविवारी फोन करते.

नागपूर, निवृत्त शिक्षिका

शाळेच्या गटातून बाहेर पडायचं दहादा ठरवलं. पण आमच्या बाकावरचा मित्र गेल्याचं तिथंच कळलं आणि अंत्यदर्शनाला वेळेत पोचता आलं.

(सातारच्या ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तीस दिवसांचं मला ठाऊक नव्हतं. – धागाकर्ती)

टोरांटो, मूळचा रत्नागिरीचा

बाकी सगळीकडची खाती बंद केली. व्हॉट्सॲप ठेवलंय ते आईच्या स्टेटससाठी. ती रोज सकाळी सातला अंगणातल्या जास्वंदीचा फोटो लावते. माझे इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, थंडीत साडेआठ. मी बघतो, एवढंच. लिहीत काही नाही. कुणी कुणी बघितलं ती यादी आई नंतर चष्मा लावून वाचते, हे मला बहिणीकडून कळलं. मागच्या महिन्यात तापात लवकर झोपलो. सकाळी साडेआठला तिचा फोन : ‘आजची जास्वंद बघितली नाहीस. बरा आहेस ना?’