ताम्हण फुलत नाही, छाटणी करावी का?

बियांपासून वाढवलेलं ताम्हण आता सात-आठ वर्षांचं आहे. जमिनीत लावलेलं, दोन पुरुष उंच, पानं हिरवीगार. पण कळीचा पत्ता नाही. ऊन दुपारपर्यंत, नंतर भिंतीची सावली. निचरा चांगला, कीड नाही. लगतच्या हिरवळीला जाणारा युरिया यंदा बंद केला, शेणखत घातलं, हिवाळ्यात पाणीही तोडलं. जुनी पानं लाल होऊन गळतात, ती दरवर्षीचीच. झाड हलवता येणार नाही, आणि तोडायचं तर मुळीच नाही. त्या जांभळ्या तुऱ्यांसाठीच एवढी वाट पाहतोय.

ताम्हण नव्या फुटीच्या टोकाला फुलतं, म्हणून पालवी येण्याआधी शेंडे छाटायचा विचार आहे. पण झाड अजून फुलायच्या वयातच आलं नसेल, तर छाटणीने फुलोरा आणखी लांबेल का? की ऊनच कमी पडतंय?