सोसायटीच्या गणपतीत सीता करायची आहे, कोणती मालिका बघू?

ओटीवरची: नमस्कार मंडळी. गणपतीत आम्ही अशोकवनाचा २० मिनिटांचा प्रवेश बसवतोय आणि सीता माझ्या गळ्यात पडली आहे. वय ४१, रंगभूमीचा अनुभव म्हणजे चौथीत केलेलं झाड. हातात ३ आठवडे, रोज फार तर पाऊण तास. साडी-दागिने मिळून १,५०० रुपये, वर एक दमडी नाही. टीव्हीवरच्या इतक्या सीतांपैकी कोणती बघू?

जुना_अँटेना: हा काय प्रश्न झाला? रामानंद सागर, १९८७. ७८ भाग आहेत, पहिल्यापासून बघा. मधूनच बघितलंत तर दीपिका चिखलियाने काय केलंय ते कळायचं नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी अख्खी चाळ जमायची, आजी आधी टीव्हीला हार घालायची.

ओटीवरची: काका, माझे सगळे मिळून सोळा तासही होत नाहीत.

जुना_अँटेना: मग दीडपट वेगाने बघा.

नथ_आणि_नखरा: दागिने भाड्यानेच घ्या गं. मी गेल्या वर्षी कैकेयी केली. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा मिळून साडेचार हजार गेले, पण फोटो असे आले की सासूबाईंनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

पोथीनिष्ठ: अशोकवनातल्या सीतेला कमरपट्टा? सुंदरकांडात हनुमान तिला पाहतो तेव्हा अंगावर एकच मळलेलं पिवळं वस्त्र आणि पाठीवर एकच वेणी. चूडामणी तेवढा वस्त्रात बांधून ठेवलेला, तो ती हनुमानाला देते. १,५०० सुद्धा जास्तच झाले. आणि लक्ष्मणरेषा वाल्मीकींत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

जुना_अँटेना: लक्ष्मणरेषेचं कुणी विचारलंय?

पोथीनिष्ठ: विचारत नाहीत हेच दुखणं आहे. मालिकेत दिसलं तेच रामायण. मालिकेतली मायासीता, म्हणजे खऱ्या सीतेऐवजी रावणाने नेलेली खोटी सीता, तुलसीदासांकडून आली. वाल्मीकींची सीता अग्निप्रवेशाआधी रामाला तोंडावर सुनावते, की गावठी पुरुषाने गावठी बाईशी बोलावं तसं बोलताय. आणि राम वनवासाला एकटा निघतो तेव्हा म्हणते, माझ्या वडिलांनी पुरुषाच्या देहातली बाई जावई म्हणून आणली की काय! टीव्हीवरची सीता मात्र वाकलेलीच.

मधलीसून: सागरांचीच +१. मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सासऱ्यांबरोबर पाहिली, हसायला बसले होते आणि निमूट झाले. पण 'सिया के राम' पण बघ, २०१५ ची. मदिराक्षी मुंडलेची सीता. गोष्टच तिच्या बाजूने सांगितली आहे.

जुना_अँटेना: दीपिकाच्या लोक पाया पडायचे. १९९१ ला बडोद्यातून खासदार झाली ती. आता बोला.

मधलीसून: खासदारकीचा अशोकवनाशी काय संबंध काका?

विंगेत_उभा: तीस वर्षं हौशी नाटकं केली, बहुतेक विंगेतच. ताई, मालिका बघा पण नक्कल करू नका. सागरांची सीता पापणी खाली घालते आणि घराघरात कळतं, कारण कॅमेरा नाकासमोर असतो. मांडवात पाचव्या रांगेला पापणी दिसत नाही, मान आणि हात दिसतात. पोथीनिष्ठांनी मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. रावण बोलून थांबतो तेव्हा सीता मध्ये गवताची काडी ठेवते आणि मग उत्तर देते. ती काडी सावकाश ठेवा, सगळ्यांना दिसू द्या, मग तोंड उघडा. अर्धा प्रवेश तिथेच जिंकलात. ग्लिसरीन अजिबात नको. आमच्या सीतेने लावलं होतं, काजळ हनुवटीपर्यंत आलं, राक्षसिणी बऱ्या दिसत होत्या.

पोथीनिष्ठ: काडीवर येतच होतो.

द्रौपदीपक्ष: प्रवेशच बदला की. बी. आर. चोप्रांच्या महाभारतातली रूपा गांगुली बघा. जो आधी स्वतःलाच हरला तो मला पणाला कसा लावतो? एका प्रश्नात भरसभा गप्प.

पोथीनिष्ठ: प्रश्न मूळचाच आहे. पण त्या 'अंधे का पुत्र अंधा'ला भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत थारा नाही.

जुना_अँटेना: विषय सीतेचा चालू आहे!!

नथ_आणि_नखरा: निदान बाजूबंद तरी घ्या. दंड मोकळे वाईट दिसतात.

ओटीवरची: सगळ्यांचे आभार. काल तालीम झाली. सागरांचे अशोकवनाचे दोन भाग पाहिले, सुंदर आहेत, पण माझी मान तशी झुकतच नाही, झुकवली की चष्मा शोधतेय असं वाटतं. मग द्रौपदीचं सभापर्व चार वेळा पाहिलं आणि सीतेची वाक्यं त्या आवाजात म्हणून पाहिली. रावण करणारे जोशीकाका स्वतःचं वाक्य विसरले. तेच ठेवतेय. दिग्दर्शक म्हणतात सीता वाटत नाही. त्यांना रामाला सुनावलेलं वाचायला दिलंय.
पिवळी साडी माझ्याकडे नाही, आजीचं विटकं हिरवं इरकल नेसणार. पैसे सगळे भाड्याच्या कॉलर माईकला, कारण शेजारच्या मंडळाचा ढोल सात वाजता सुरू होतो. आणि काडीऐवजी दुर्वा. गणपतीसमोर ती कमी पडायची नाही.

पोथीनिष्ठ: पीतवस्त्र आहे हो ते. हिरवं कसं चालेल?

जुना_अँटेना: म्हणजे ७८ भाग बघितलेच नाहीत?