दहा हजारांचा आकडा आला कुठून?

बरेच जण म्हणतात की घड्याळात रोजच्या दहा हजार पावलांचं लक्ष्य लावलं की माणूस आपोआप चालायला लागतो. लागतो, पण किती दिवस? मुळात हा आकडा डॉक्टरांनी काढलेलाच नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. तिथून तो आकडा सगळीकडे चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला.

माझंच सांगतो. रात्री पावणेबाराला ९,६०० दिसले म्हणून पलंगाभोवती फेऱ्या मारल्यात मी (बायको झोपेतून उठून बघत बसली होती). एक दिवस लक्ष्य हुकलं, रोज पूर्ण करायची साखळी तुटली आणि घड्याळ महिनाभर ड्रॉवरमध्ये गेलं. आता आधीच्या आठवड्याची सरासरी काढतो, त्यात पाचशे मिळवतो, तेच लक्ष्य. शिवाय रोजचं नाही, आठवड्याचं. एखादा दिवस बुडाला तर रविवारी भरून निघतो.