नवऱ्याची सही मागतात. गोव्यात कुठे जाऊ? तातडीने मदत हवी आहे

अबोली२३
काल गर्भपातासाठी एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेले होते. फॉर्मवर नवऱ्याच्या नावाची ओळ मी रिकामी सोडली. काउंटरवरच्या बाईने पेनाचं टोक त्या ओळीवर टेकवलं आणि मोठ्याने विचारलं, "आणि हे?" मागे बाकावर बसलेल्या दोघीजणी बघायला लागल्या. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर म्हणे, मग आईवडिलांना आणा, त्यांची सही लागेल. मी फाइल उचलली आणि बाहेर आले. माझा निर्णय झालेला आहे. सही मागत नाहीत अशी जागा सांगा.

सत्तरीकर
वय? किती आठवडे? तालुका कुठला? एवढं तरी सांगा.

कुळागर
कुठे जायला नको. माझ्या वहिनीने फार्मसीतून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत मोकळी झाली.

निवृत्त परिचारिका
कुळागर, असला सल्ला देऊ नका. गर्भ गर्भाशयात नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली की जिवावर बेततं. सोनोग्राफीशिवाय ते कळत नाही. शिवाय गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गुपचूप गोळ्या घेऊन मध्यरात्री रक्ताने भिजून आलेल्या मुली मी सांभाळल्या आहेत. त्या आधी का आल्या नाहीत? काउंटरवरच्या अशाच एका प्रश्नामुळे.

कुळागर
वहिनीला काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

फोंडेकर
मुलगा कुठला? त्याच्या घरच्यांना बोलवा आणि सब-रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही करून घ्या. सगळं सरळ होईल. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलीचं असंच झालं, आज सुखात आहे.

सत्तरीकर
तिने लग्नाचं विचारलेलं नाही.

फोंडेकर
वडीलकीच्या नात्याने सांगतोय. आजकाल कोणाला काही सांगायची सोय राहिली नाही. आमच्या वेळी वाड्यावरचे चार लोक बसून मार्ग काढत.

अबोली२३
त्या चार लोकांना कळू नये म्हणूनच इथे लिहिलं. वय २३, डिचोली. त्या दिवसापासून मोजले तर सात आठवडे. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ सुचवू नका.

निवृत्त परिचारिका
त्या दिवसापासून नाही गो बाय, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तुझे नऊ होत आले. आता दिवस घालवू नको. म्हापसा का नको?

अबोली२३
मामी तिथे कामाला आहे.

मांडवीकाठ
मी वकिली करते. तू १८ वर्षांवरची आहेस, फक्त तुझी संमती लागते. नवऱ्याची नाही, आईवडिलांची नाही. पालकाची संमती १८ खालच्या मुलीसाठी. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीतही अविवाहितेला वगळता येणार नाही असं सांगितलं. तू तर २० च्या खूप आत आहेस, एका डॉक्टरचं मत पुरतं. डॉक्टरने तुझं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मामीनेही ते फोडता कामा नये.

अबोली२३
कायदा मामीला कोण सांगणार? ती आईला एक फोन करेल, संपलं.

निवृत्त परिचारिका
मग बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात जा. सरकारी इस्पितळाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. स्त्रीरोग ओपीडीत 'पाळी चुकली आहे, डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे' एवढंच सांग. काउंटरवर जास्त बोलायची गरज नाही.

अबोली२३
दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड दाखवावं लागेल? त्यावर बाबांचा मोबाइल आहे.

निवृत्त परिचारिका
ते घरीच ठेव. आधार कार्ड घे. रक्तगट माहीत आहे?

अबोली२३
ओ निगेटिव्ह. का?

निवृत्त परिचारिका
हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांग, विसरू नको. एक इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरवतील. तुझ्याबरोबर कोण आहे?

अबोली२३
कोणी नाही. तो फोन उचलत नाही.

निवृत्त परिचारिका
मी पर्वरीला राहते. सोमवारी सकाळी आठला ओपीडीच्या दाराशी येते.

अबोली२३
या. नंबर खाजगी संदेशात पाठवते. फोन करू नका, मेसेजच करा. घरी असले की माझा फोन आई उचलते.